हिवाळ्यातली जर्सी किनाऱ्यावरची मासेमारी
(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात जानेवारीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. कोट काढले नाहीत तरी चालतील, हॉलचं हीटिंग आजच रुसलंय. विषयाला साजेसंच झालं म्हणा.

मी मूळचा मालवणचा. पोटापाण्यासाठी संगणकावर बसतो, पण गेली वीस वर्षं शनिवार-रविवार मिळाला की गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जातो. हिवाळ्यातसुद्धा जातो म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, "अरे, आमी पावसात होडी वर वडून ठेवतंव, तुमी थंडीत ठेवा मगे!" तिचं चूक नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि समुद्रात उतरायचं. डिसेंबर-जानेवारीत कोकणचा समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा असतो. इथे उलटं. इथला समुद्र जुलैत शहाणा आणि जानेवारीत बिघडलेला.

पण बिघडलेला म्हणजे रिकामा नव्हे. तुम्ही फोनवर हवेचं तापमान बघता आणि ठरवता की मासे गेले. माशाला हवेशी काय देणंघेणं? त्याला पाणी कळतं, आणि पाणी आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही.

लहानपणी घरी तांब्याचा बंब असायचा, आठवतो? जाळ विझल्यावरही तासभर पाणी कढत. समुद्र हा तसाच बंब आहे, फक्त फार मोठा. अटलांटिक सिटीला ऑगस्टात पाणी साधारण २३ अंशांवर असतं (सेल्सिअसमध्ये सांगतोय, पुढच्या रांगेतल्या आजीआजोबांना फॅरनहाइटचा वैताग नको). नोव्हेंबरात अजून ११-१२. हवेत हिव भरलेलं असतं, पण पाणी माशांना सोसवतं. सगळ्यात गार पाणी फेब्रुवारीत, तीन अंशांच्या आसपास, आणि मार्चमध्ये उन्हं चांगली तापली तरी समुद्राच्या हाडात थंडी तशीच असते. म्हणून माझा हिवाळा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेर, सुरू होत नाही. तो नाताळच्या आसपास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत रेंगाळतो.

त्याच अक्षांशावर पलीकडे पोर्तुगालचं पोर्तो आहे. तिथे फेब्रुवारीत पाणी १३-१४ अंश. मग आपल्यालाच ही शिक्षा का? कारण वारा. या पट्ट्यात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पोर्तोला तो समुद्रावरून येतो, आपल्याला तो कॅनडाच्या बर्फाळ मैदानांवरून येतो. आपण खंडाच्या चुकीच्या बाजूला राहतो, एवढंच.

आता वाऱ्यावर थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, तसे इथे हिवाळ्यात दोनच पाहुणे धरा. पहिला वायव्येचा. थंड हवेची लाट आली की हा येतो, जमिनीवरून समुद्राकडे. कान तोडतो, पण लाटा दाबून टाकतो. किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत होतं. दोन दिवस जोरात वाहिला तर खाडीतलं पाणी बाहेर ढकलून देतो. ओहोटी इतकी खाली जाते की बार्नेगटच्या खाडीत धक्क्याला बांधलेल्या बोटी चिखलात बसलेल्या मी पाहिल्यात. भरती-ओहोटीच्या तक्त्यात हे कुठेच छापलेलं नसतं. सँडी हूकला पाण्याचा रोजचा चढउतार साधारण दीड मीटर. मुंबईच्या उधाणापुढे काहीच नाही, पण वारा त्यात आपला हिस्सा मागतो.

दुसरा पाहुणा ईशान्येचा. नॉरईस्टर म्हणतात तो हाच. नैऋत्य मोसमी वारे आपण कुठून येतात त्यावरून ओळखतो, तसंच हे नाव. दक्षिणेकडून कमी दाबाचं वादळ किनाऱ्याने वर सरकतं आणि आपल्यावर वारा ईशान्येकडून, थेट समुद्रावरून येतो. १९६२ च्या मार्चमधलं वादळ इथले म्हातारे अजून सांगतात. ते सलग पाच भरत्या मुक्कामाला होतं. प्रत्येक भरतीने आधीच्या भरतीवर पाणी चढवलं आणि लाँग बीच बेटाचे तुकडे झाले. असल्या दिवशी समुद्राकडे पाठ करून घरी आमटी-भात खावा. पण वादळानंतरचा तिसरा-चौथा दिवस! लाटांनी तळाची वाळू उकरून मोठे शिंपले किनाऱ्यावर आणून टाकलेले असतात आणि पट्टेरी बास, म्हणजे स्ट्रायपर, ते वेचायला अगदी पायाशी येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात हा योग साधतो. जानेवारीत बहुतेक स्ट्रायपर दक्षिणेला, व्हर्जिनिया-कॅरोलिनाकडे निघून गेलेला असतो. शिवाय खाड्या-नद्यांत तो जानेवारी-फेब्रुवारीत पकडायला बंदी आहे आणि तीन मैलांपलीकडच्या समुद्रात तर १९९० पासून बारा महिने. ऐंशीच्या दशकात हा मासा जवळजवळ संपला होता. मेरीलँडने १९८५ ते १९९० पूर्ण बंदी घातली तेव्हा तो सावरला. तेव्हा मासेमारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनने पकडलं तर "माहीत नव्हतं" म्हणू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने म्हणून पाहिलं, फार महागात पडलं.

मग बाकीचे मासे कुठे जातात? सगळे दक्षिणेला जातात असं मीही समजायचो. बरेचसे पूर्वेला जातात! आपल्या किनाऱ्यापुढे उथळ तळाची पट्टी शंभर-सव्वाशे किलोमीटर रुंद आहे. हिवाळ्यात ती वरपासून तळापर्यंत ढवळून सारखी गार होते. पण जिथे ती संपते आणि तळ एकदम खोल उतरतो, तिथे बाहेरचं पाणी दहा-बारा अंशांचं असतं. उन्हाळ्यात पायाशी सापडणारा फ्लूक आणि काळा सी बास थंडीत तिकडे सरकतात. उन्हाळ्यात किनाऱ्यावर, हिवाळ्यात कड्यावर. चाकरमानी गणपतीला गावी जातो, तसा त्यांचा वार्षिक फेरा.

ऊब माशांना किती खेचते ते फोर्कड रिव्हरला मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे ऑयस्टर क्रीकचं अणुवीज केंद्र होतं, १९६९ साली सुरू झालेलं. केंद्र गार ठेवायला वापरलेलं पाणी कोमट होऊन कालव्यातून खाडीत सोडत. जानेवारीत खाडीवर बर्फाचा पापुद्रा आणि त्या कालव्यावर वाफ! एरवी निघून गेलेले मासे त्या वाफेखाली खुशाल राहत. नऊ नंबरच्या रस्त्यावरच्या पुलापाशी पहाटे पाचला माणसं खांद्याला खांदा लावून उभी असायची. कुणी कोरियन, कुणी पोलिश, एक मी मालवणी. कुणीच कुणाची भाषा बोलत नव्हतं, पण दोरा अडकला की सगळे एकदम ओरडायचे. त्या उबेची दुसरी बाजूही होती. भर थंडीत केंद्र अचानक बंद पडलं की पाणी एका रात्रीत गार होई आणि फसलेले मासे मरून तरंगत. उबेच्या भरवशावर त्यांनी दक्षिणेची वाट सोडलेली असे. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र कायमचं बंद झालं. पुढच्या जानेवारीत मी सवयीने गेलो. कालवा होता, पूल होता, वाफ नव्हती आणि माणूसही नव्हता.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग थंड पाण्यात राहणारे मासे गोठत कसे नाहीत?) चांगलं विचारलंत. समुद्राचं पाणी गोठतं उणे १.९ अंशांच्या आसपास. माशाच्या रक्तात मीठ कमी, त्यामुळे ते त्याआधीच गोठायला हवं. विंटर फ्लाउंडर नावाचा चपटा मासा हिवाळ्यात रक्तात एक खास प्रथिन तयार करतो. रक्तात बर्फाचा बारीक कण तयार झालाच तर ते त्याला चिकटतं आणि वाढू देत नाही. गाडीत आपण अँटीफ्रीझ घालतो, हा ते अंगातच बनवतो. दुःख एवढंच की तो मासाच आता इथे विरळ झालाय. दिवसाला दोन ठेवायची परवानगी आहे आणि त्या दोनांसाठीही नशीब लागतं.

मग जानेवारीत जायचं कशासाठी? माझं उत्तर ब्लॅकफिश. टॉटॉग म्हणतात तो. हा कुठे दूर जात नाही, थोडा खोल सरकतो आणि बुडालेल्या जहाजांत, मुद्दाम टाकलेल्या दगडांत घर करतो. न्यू यॉर्कच्या सबवेचे जुने लाल डबेही जर्सीच्या समुद्रात असेच घरं म्हणून बुडवलेत. मांजर जसं चुलीपाशी, तसा हा भोकापाशी.

दृश्य असं. पार्टी बोट, म्हणजे तिकीट काढून गरवायला नेणारी बोट, पहाटे सुटलेली. हवा उणे चार. हिरवा खेकडा घ्यायचा, मधोमध दोन तुकडे, पाय मोडून टाकायचे, पायाच्या खोबणीतून गळ आत आणि कवचातून बाहेर. दोऱ्याला बांधलेलं शिसं तळाला टेकलं की दोरा ताणून धरायचा. रॉडच्या कड्यांत ओल्या दोऱ्याचं पाणी गोठतं, दोरा अडतो. त्यावर इलाज साधा. रॉडचं टोक समुद्रात बुडवा. समुद्राचं गार पाणीसुद्धा बर्फाला गरमच. मग तळातून येतं "टक". ओढायचं नाही. मासा पुढच्या दातांनी खेकडा फोडतोय, अजून चघळलेला नाही. पुन्हा "टक टक". थांबा. मग दोरा जड होतो, कुणी गोणपाट बांधल्यासारखा. तेव्हा मारा आणि लगेच वर ओढा, नाहीतर तो लोखंडात शिरला की गळ आणि शिसं दोन्ही गेलं. पहिल्या वर्षी मी दिवसात अकरा शिसी घालवली आणि एक मासा आणला. बायकोने हिशेब केला होता, तो इथे सांगत नाही.

पाणी पाच अंशांखाली गेलं की हाही सुस्तावतो, तोंडाशी खेकडा असून खात नाही. म्हणून निघण्याआधी न्यू यॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या बोयाचे, म्हणजे पाण्यावर तरंगत मोजमाप करणाऱ्या यंत्राचे, आकडे बघतो. ४४०६५ क्रमांकाचा. पाण्याचं तापमान, लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद. उंची सगळे बघतात, सेकंद कुणी बघत नाही. तीन फुटांची लाट दहा सेकंदांनी आली तर पाळण्यात बसल्यासारखं. तीच पाच सेकंदांनी आली तर सकाळचे पोहे समुद्राला.

आणि किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनो, वेडर, म्हणजे छातीपर्यंतची पाणी न शिरणारी पँट, घातलात की कमरेला पट्टा घट्ट बांधा. एकदा मी तो गाडीत विसरलो, गुडघाभर पाण्यात तर आहोत म्हणून. मागच्या लाटेने पाय काढून घेतले आणि वेडर वरून भरला. श्वास आत जाईना. थंडीने छाती बंद होते ती पोहता येतं की नाही हे विचारत नाही. पहिला मिनिट श्वास सांभाळण्याचा, पुढची दहा मिनिटं हातपाय चालण्याची, बेशुद्धी साधारण तासाभराने. थंड पाण्याचा हा हिशेब इथले बचावपथकवाले शिकवतात. मला मागच्या माणसाने हुडीला धरून ओढलं. त्याचं नाव कधी विचारायचं राहून गेलं.

येत्या शनिवारी बेल्मारहून जायचं ठरलंय. अजून चार जागा आहेत. लोकरीचे मोजे दोन जोड, आल्याचा चहा थर्मासमध्ये, आणि सोबत डबा आणणार असाल तर बोटीवर तिखट जाळ रस्सा नको, सांडतो. शुक्रवारी रात्री नऊला बोया बघून मेसेज टाकतो. वारा वायव्येचा असेल तर पहाटे पाचला धक्क्यावर. ईशान्येचा असेल तर सगळे माझ्याकडे, फ्रीझरमध्ये नोव्हेंबरचा स्ट्रायपर आहे, तिरफळ घालून करतो.