उजेड मोजणारी नळी

[अंधार. दोन तारांच्या टोकांमध्ये एक बारीक ठिणगी.]

1887. जर्मनीतलं कार्ल्सरुहे. भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ रेडिओलहरींच्या मागावर आहेत. इवलीशी ठिणगी नीट दिसावी म्हणून ते तिच्यावर अंधारी पेटी झाकतात... आणि ठिणगी आखडते! अडचण वाटणारा उजेडच तिला बळ देत होता. त्यातही डोळ्यांना न दिसणारा, अतिनील.

धातूवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, हे कोडं उलगडायला पुढे वेळ लागला. पण उजेडाची वीज करणारी नळी, फोटोट्यूब, त्याआधीच तयार झाली. एल्स्टर आणि गायटेल या दोन शाळामास्तरांनी 1890च्या दशकात सोडियम-पोटॅशियमसारखे धातू निर्वात काचेत कोंडले. हवेत ते लगेच खराब होतात ना!

[नळीचं जवळून दृश्य.]

आत वळवलेला पत्रा, त्यावर सीझियमयुक्त लेप. समोर बारीक काडी. पत्र्यातून निघालेले इलेक्ट्रॉन काडी ओढून घेते. जितका उजेड, तितका प्रवाह. बस्स.

आता ही जुन्या बोलपटाची फिल्म पाहा. चित्रं आणि भोकं यांच्या मधली ही नागमोडी पट्टी म्हणजे आवाज, काळ्यापांढऱ्यात छापलेला. प्रोजेक्टरमधल्या छोट्या दिव्याचा उजेड अरुंद फटीतून तिच्यावर पडतो. पट्टी सरकते, पलीकडे जाणारा उजेड थरथरतो आणि नळी त्या थरथरीची वीज करते. स्पीकरमधून नायिका बोलते ती अशी. दिव्यासमोर बोट धरलं तर तिची वाचाच बसायची!

चोरघंटा, आपोआप उघडणारी दारं, मालाची मोजणी... ही कामंही आधी ही नळी करायची, पुढे ती सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांनी पळवली. पण अगदी मंद उजेड टिपायला अजूनही एक नळी कामी येते, फोटोमल्टिप्लायर. इथे सुटलेला एक इलेक्ट्रॉन पुढच्या धातूच्या पट्टीवर आदळून समजा चार सोडवतो. चाराचे सोळा, सोळाचे चौसष्ट. दहाव्या पट्टीनंतर दहा लाखांवर!

[जमिनीखालची प्रचंड टाकी. भिंतभर सोनेरी गोळे.]

जपानमधली सुपर-कामिओकांडे प्रयोगशाळा. जमिनीखाली 1000 मीटर, 50,000 टन पाणी आणि अर्धा मीटर व्यासाच्या 11,000हून अधिक नळ्या, न्यूट्रिनो नावाच्या, सहसा सगळ्यातून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे पाण्यात उमटणारी निळसर चमक टिपायला. नोव्हेंबर 2001मध्ये टाकी पुन्हा भरताना तळाजवळची एक नळी फुटली. पोकळीत पाणी घुसलं, त्या धक्क्याने शेजारची फुटली, मग तिच्या शेजारची. काही क्षणांत साडेसहा हजारांहून जास्त नळ्यांचा चुरा.

शाबूत राहिलेल्या नळ्या पुन्हा मांडल्या गेल्या, प्रत्येकीवर ॲक्रिलिकचं कवच चढवून.