नूपुराला अडकलेले भूर्जपत्र

मित्रहो, नवऱ्याचे मन दुसरीकडे गुंतले आहे हे बायकोला कळते, त्या क्षणाविषयी आज मला बोलायचे आहे. त्यासाठी मी कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’तली राणी औशीनरी निवडली आहे. हे नाटक आपण राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांच्या प्रेमाचे म्हणून वाचतो आणि या काशिराजाच्या मुलीला मत्सरी पट्टराणी एवढ्या दोन शब्दांत निकालात काढतो. मीही वर्गात अनेक वर्षे तसेच शिकवले. परीक्षेला तिच्यावर टीप यायची आणि मुले ती पाच ओळींत उरकायची.

ही कथा मुळात फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे, पण तिथे बोलतात ती दोघेच. घरच्या राणीला तिथे आवाज नाही. कालिदासाने तिला घरात आणले, बोलते केले आणि दुसऱ्या अंकात उर्वशीचे प्रेमपत्र नेमके तिच्याच पायाशी आणून टाकले.

पत्र सापडण्याआधी तिला संशय आलेला असतोच. राजा उदास का असतो हे काढून घेण्यासाठी ती दासी निपुणिकेला राजाच्या मित्राकडे, विदूषकाकडे पाठवते. निपुणिका त्याला सांगते की महाराज जिच्यासाठी झुरतात तिच्याच नावाने त्यांनी राणीसाहेबांना हाक मारली. विदूषक बिचारा चपापतो आणि म्हणतो, म्हणजे मित्राने स्वतःच गुपित फोडले की काय, उर्वशी म्हणून हाक मारली की काय! झाले, नाव बाहेर पडले. आपल्या काव्यशास्त्रात या चुकीला गोत्रस्खलन असा खास शब्द आहे. ज्या समाजात बायकोने नवऱ्याचे नाव सहज उच्चारायचे नाही, उखाण्यात गुंफून लाजत घ्यायचे, त्या समाजातल्या बाईला नवऱ्याच्या तोंडून चुकून निसटलेले परके नाव किती खोल लागत असेल, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. गंमत अशी की हीच चूक पुढे उर्वशीच्या हातूनही होते. स्वर्गात भरतमुनींच्या नाटकात लक्ष्मीची भूमिका करताना ‘पुरुषोत्तम’ म्हणायच्या ऐवजी ती ‘पुरूरवा’ म्हणून जाते. तिला शाप मिळतो, पण इंद्राच्या कृपेने त्याच शापातून तिची राजाशी गाठ पडते. जिभेच्या एका चुकीची बातमी राणीचे घर मोडते आणि तशाच दुसऱ्या चुकीने उर्वशीचे घर बसते.

आता प्रमदवनातला प्रसंग पाहू. उर्वशीने अदृश्य राहून भूर्जपत्रावर आपले मन लिहून टाकलेले आहे. बोटांच्या घामाने अक्षरे बिघडतील म्हणून राजाने ते विदूषकाकडे सांभाळायला दिले आहे, आणि त्या वेंधळ्याच्या हातून ते वाऱ्यावर उडाले आहे. राणी निपुणिकेला घेऊन बागेत येते, तर काहीतरी उडत येऊन तिच्याच नूपुराच्या टोकाला अडकते. दासी सांगते की भूर्जपत्र आहे, त्यावर अक्षरे आहेत, वाचू का? राणी म्हणते, आधी तू वाचून बघ. गैर काही नसेल तर मी ऐकेन. या वाक्यापाशी मी आता नेहमी थांबतो. संशयाने पेटलेल्या बाईने पत्र हिसकावून घ्यायला हवे होते, पण दुसऱ्याचे पत्र वाचू नये हा संस्कार तिला त्या घडीलाही सुटत नाही, आणि कदाचित ऐकायला लागू नये अशी एक दुबळी आशाही त्यात असावी.

पत्र ऐकून ती सरळ राजासमोर जाते. तो वाऱ्याची विनवणी करत पत्र शोधतो आहे. ती म्हणते, आर्यपुत्र, घाबरे होऊ नका, हे घ्या ते भूर्जपत्र. राजा दचकून म्हणतो, देवी, स्वागत असो. त्यावर तिचे उत्तर एका शब्दात मावते: दुरागत. ‘सु-आगत’ या शब्दाचाच सांधा उलटा फिरवून ती सांगते की माझे येणे आता वाईटच येणे झाले आहे. राजा सारवासारव करतो, आपण शोधत होतो ते हे नव्हेच असे सांगतो. ती म्हणते, आपले सौभाग्य झाकून ठेवणे योग्यच आहे. विदूषक मध्येच राणीला म्हणतो की महाराजांचे जेवण लवकर वाढा, पित्त शमले की बरे वाटेल. पुरुषांच्या असल्या प्रकरणांवर चारचौघांत अशीच थट्टेची चादर घातली जाते, हे आपण सगळेच पाहत आलो आहोत.

राजा म्हणतो की तुम्ही मला बळेच अपराधी ठरवता. तेव्हा ती उत्तर देते: तुमचा काही अपराध नाही, अपराध माझाच आहे, कारण मी नकोशी असून तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहिले आहे, ही मी निघाले. तो तिच्या पाया पडतो. ती वळत नाही, मात्र मनाशी म्हणते की या विनवणीला भुलण्याइतकी मी हलक्या काळजाची नाही, पण उद्या आपण दाक्षिण्य सोडून वागलो असा पश्चात्ताप होईल, त्याची मला भीती वाटते.

फसवणूक झाली आहे तिची आणि पश्चात्तापाची धास्तीही तिलाच. कालिदासाला ही बाई किती आतून कळली होती, ते या एका वाक्यावरून मला पटते. ती प्राकृतात बोलते, कारण संस्कृत नाटकांत स्त्रिया बहुधा प्राकृतातच बोलतात; राजा संस्कृतात सुंदर श्लोक रचतो. एका श्लोकात तर तो स्वतःच कबूल करतो की प्रेम नसलेली मनधरणी शेकडो गोड शब्दांची असली तरी जाणत्या स्त्रीच्या काळजात शिरत नाही, जसा खोट्या रंगाचा मणी पारख्याला फसवू शकत नाही. त्याला सगळे कळते, हेच चीड आणणारे आहे. राणी निघून गेल्यावर तो म्हणतो की मन उर्वशीवर असले तरी देवीविषयी आदर तोच आहे, पण मी पाया पडूनही तिने झिडकारले, म्हणून आता मीही धीर धरतो. म्हणजे रुसण्याचा हक्कही अखेर त्यानेच घेतला!

‘दाक्षिण्य’ या शब्दावर थोडे थांबायला हवे. पहिल्या पत्नीशी सौजन्य न सोडणाऱ्या अनेकस्त्रीक नायकाला शास्त्रकार ‘दक्षिण नायक’ म्हणतात आणि बाकीच्यांच्या मानाने त्याला चांगला समजतात. तिसऱ्या अंकात लपून पाहणाऱ्या उर्वशीला राजाचा राणीविषयीचा आदर बघून धाकधूक होते, तेव्हा तिची सखी चित्रलेखा तिला समजावते की वेडे, ज्यांचे प्रेम दुसरीकडे गेलेले असते ते नागर पुरुष बायकोशी जास्तच गोड वागतात. नवरा अचानक फार चांगला वागायला लागला म्हणून संशय आल्याचे मला काही बायकांनी सांगितले आहे. चित्रलेखेने ते कधीच सांगून ठेवले आहे.

त्या तिसऱ्या अंकात औशीनरी स्वतःहून निरोप पाठवते: मणिहर्म्याच्या गच्चीवरून चंद्र चांगला दिसतो, तो रोहिणीला भेटेपर्यंत तुमच्या सोबत थांबायचे आहे. ती पांढरे वस्त्र नेसून येते, सौभाग्याचे तेवढेच दागिने अंगावर, केसांत दूर्वा. तिने प्रियानुप्रसादन, म्हणजे प्रियाला प्रसन्न करण्याचे, व्रत घेतले आहे. ती चंद्रकिरणांची पूजा करते, विदूषकाला मोदक देते आणि चंद्र-रोहिणीला साक्ष ठेवून म्हणते की आर्यपुत्रांना जी स्त्री हवी आहे आणि जिला आर्यपुत्रांचा सहवास हवा आहे, तिच्याशी मी प्रेमाने वागेन. विदूषक कुजबुजतो की हात तुटलेल्या कोळ्याचा मासा निसटला म्हणजे तोही म्हणतो, चला, धर्म तरी घडला! हे वाक्य क्रूर आहे, पण अर्धे खरेही आहे, आणि म्हणूनच मला या व्रताला क्षमा म्हणवत नाही. जे आपल्या हातून गेलेच आहे ते आपणच दिले, एवढे तरी आपल्या नावावर राहावे, यासाठी तिने उचललेले हे पाऊल आहे. कालिदासाच्याच ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणी राजाचे मन जिच्यावर जडले त्या विदर्भाच्या राजकन्येला, मालविकेला, तळघरात कोंडते आणि आपल्या नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडू नका असे बजावते. औशीनरीचा रोख सुरुवातीपासून स्वतःकडेच वळलेला दिसतो.

विदूषक विचारतो की महाराज तुम्हाला इतके नकोसे झाले का? ती म्हणते, मूर्खा, स्वतःच्या सुखाचा शेवट करून मला त्यांना सुखी करायचे आहे, आता तूच ठरव ते मला प्रिय आहेत की नाहीत. राजा पुन्हा गोड होतो: मला दुसरीला दे किंवा दास करून ठेव, पण तुला शंका येते तसा मी नाही. यावर ती म्हणते, “असा वा नसा, व्रत ठरल्याप्रमाणे पुरे झाले. चला गं, जाऊ या.”

असा वा नसा! बागेत त्याचे खोटे ऐकताना तिला अजून काहीतरी हवे होते, म्हणून तिच्या शब्दांना धार होती. इथे तो खरे बोलतो की खोटे, याची चौकशी तिने सोडून दिली आहे. माझ्या मते तिचे मन मोडल्याची खूण याच दोन शब्दांत आहे, बागेतल्या रागात ती नाही. तो थांबवू पाहतो, तेव्हा ती एवढेच म्हणते की आजवर मी नियम कधी मोडलेला नाही, आणि निघून जाते.

पुढच्या अंकात पुरूरवा एका विद्याधरकन्येकडे बघत राहिला म्हणून उर्वशी रुसते, कुमारवनात शिरून वेल होते आणि तिच्या विरहात राजा अख्खा अंकभर रानात वेड्यासारखा फिरतो. उर्वशीच्या रुसव्याला एवढे रान मिळाले आणि राणीच्या दुःखाला गच्चीवरची काही मिनिटे. शेवटच्या अंकात उर्वशीचा मुलगा आयुस परत येतो आणि उर्वशी त्याला म्हणते, चल, थोरल्या आईला नमस्कार कर. राजा म्हणतो, थांब, आपण सगळे मिळूनच तिच्याकडे जाऊ. ते तिच्यापाशी जाताना आपल्याला दिसत नाहीत. नारद आशीर्वाद देतात, भरतवाक्य म्हणजे शेवटची मंगल प्रार्थना होते आणि नाटक संपते. औशीनरी आत कुठेतरी आहे.