लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

चर्चमधला पाइप ऑर्गन म्हटलं की युरोपातलं एखादं उंच कॅथीड्रल आणि धातूच्या लखलखीत नळ्या डोळ्यांसमोर येतात. आता हा पाहा. फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास इथल्या संत जोसेफ चर्चमधला ऑर्गन. या ऑर्गनला १०३१ नळ्या आहेत आणि त्यांतल्या ९०२ बांबूच्या!

तो घडवला फादर दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी. १८१६ मध्ये त्यांनी काम हाती घेतलं. बांबू आसपास हवा तेवढा होता. पण तोडलेल्या बांबूला कीड लागायला कितीसा वेळ लागतो? म्हणून फादर सेरांनी ते बांबू समुद्रकिनारी वाळूत पुरले आणि महिनोन्महिने तसेच राहू दिले. बाहेर काढल्यावर जे धड निघाले, तेवढेच घेतले.

नळी वाजते ती बासरीसारखीच. भात्याची हवा खालून शिरते, तोंडाशी कापलेल्या धारेवर आदळते आणि आतली पोकळी घुमू लागते. नळी लांब असेल तर खर्ज, आखूड असेल तर तार सप्तक. पण एका बांबूची जाडी दुसऱ्यासारखी नसते, पोकळीही नसते. अशा नऊशेवर नळ्या एकमेकींशी सुरात आणायच्या, म्हणजे काय कान असेल या माणसाचा! दर्शनी बाजूला आडव्या बाहेर आलेल्या तुतारीसारख्या नळ्या मात्र धातूच्या आहेत. तो खणखणीत आवाज बांबूतून निघण्यासारखा नव्हता. त्या बसल्या आणि १८२४ मध्ये ऑर्गन पुरा झाला.

पुढे भूकंप झाले, वादळं आली, पावसाचं पाणी आत शिरलं. कित्येक वर्षं तो अर्धामुर्धाच वाजत होता. अखेर १९७३ मध्ये तो दुरुस्तीसाठी जर्मनीला, बॉनमधल्या क्लाइस यांच्या कारखान्यात गेला. तिथल्या कोरड्या हवेत बांबू तडकू नये म्हणून एका खोलीत खास फिलिपिन्ससारखी उष्ण, दमट हवा राखली होती. १९७५ मध्ये तो घरी परतला. लगेच पुढच्या वर्षापासून इथं फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑर्गन महोत्सव भरू लागला.

आज या ऑर्गनचे मुख्य वादक आहेत आर्मांदो सालार्सा. लहानपणी ते लास पिन्यासच्याच मुलांच्या गायकवृंदात गात असत. पुढे ऑस्ट्रियात ऑर्गन शिकले, आणि परत येऊन याच पट्ट्यांवर बसले.