आधी वही, मग हातोडी

नमस्कार मंडळी. विषय ठरलाय ‘पहिल्या जीवाश्म उत्खननाची तयारी’. शनिवारी आपण पिसदुऱ्याला निघतोय, त्यामुळे हातोडी कुठली घ्यायची हे बऱ्याच जणांनी आधीच विचारून ठेवलंय. तेही सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट ऐका. ती ऐकवल्याशिवाय तुमच्या हातात हातोडी द्यायला माझं मन घेत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळचं पिसदुरा तुम्हाला ठाऊक आहे. लाल चिकणमातीची शेतं, त्यात कापूस नि तूर, आणि मातीत गोटेच गोटे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झाली होती. शेताच्या मालकीणबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून आमच्याकडे बघत होत्या. मी वाकून मुठीएवढा एक गोळा उचलला, तशा त्या म्हणाल्या, “काहून नेता जी हे गोटे?” मी म्हटलं, “आजी, हा गोटा नाही, डायनासोरचं शेण आहे.” आजी खळखळून हसल्या. आत्ता तुम्ही हसलात ना, त्याच्या दुप्पट. मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, “मंग ते जनावर खात काय होतं?”

आयुष्यभर गुरं राखलेल्या बाईलाच हा प्रश्न सुचणार. आमच्यापैकी एकाकडेही त्याचं नीट उत्तर नव्हतं. ते मिळालं २००५ साली. वंदना प्रसाद, अशोक साहनी या जीवाश्म-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे हेच गोळे तपासले. गवत आपल्या पेशींमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण साठवतं. पात्याने बोट कापतं त्याला हीच सिलिका कारण. पान कुजतं, पण हे कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. त्या गोळ्यांत इतर झाडांच्या अवशेषांबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले! गवतं खऱ्या अर्थाने पसरली ती डायनासोर गेल्यानंतर, असं तोवर मानत. इथे तर साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या शेणात गवत सापडलं. पुढे २०११ मध्ये याच गावच्या गोळ्यांतून भाताच्या कुळातल्या गवताचाही पुरावा पुढे आला. भात पिकवणाऱ्या झाडीपट्टीतून आलेल्या मंडळींनी हे घरी जरूर सांगावं.

आता माझ्या गोष्टीचा दुसरा भाग. त्याच दिवशी दुपारी मला एक मणका सापडला. पुरता नव्हता, पण कड स्वच्छ होती आणि भिंगातून हाडाची जाळी लख्ख दिसत होती. आनंदाच्या भरात मी तो पिशवीत टाकला आणि पुढे चालू लागलो. संध्याकाळी सरांनी सगळ्यांच्या पिशव्या बाजेवर रिकाम्या केल्या. मणका हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “कुठे सापडला?” मी म्हटलं, “तिकडच्या शेतात.” सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती जागा शोधली. सगळीकडे तीच लाल माती आणि तसेच धुरे. जागा सापडली नाही ती नाहीच. त्या मणक्याच्या चिठ्ठीवर आजही ‘पिसदुरा परिसर’ एवढंच लिहिलंय. त्याच्या शेजारी बाकीचा सांगाडा होता का, तो कुठल्या थरातला, हे आता कुणालाच कळणार नाही. हे मला अजून लागतं.

जागेचा एवढा आग्रह का, ते वर्धा नदीचं खोरं बघितलं की कळतं. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली लामेटा नावाचे गाळाचे थर आहेत, त्यात डायनासोर. त्याहून कितीतरी जुने गोंडवन नावाचे थर आहेत, वरोऱ्याचा कोळसा त्यातलाच. याच भागातल्या मांगलीहून उभयचर प्राण्याची एक कवटी लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन छापलं. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे ते हेच. नदीकाठच्या अलीकडच्या गाळात हत्ती-बैलांची हाडंही मिळू शकतात. हे सगळं एका पिशवीत कोंबलं की कोट्यवधी वर्षांची सरमिसळ होते. एका संग्रहालयात मी ‘हाडे, वर्धा नदी’ अशी चिठ्ठी लावलेलं भरगच्च कपाट पाहिलंय. कुणीतरी उन्हातान्हात ती गोळा केली असतील. त्या कपाटासमोर उभं राहून मला अक्षरशः रडू आलं होतं.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत. आता तयारीचं भराभर सांगतो.

पहिल्या दिवशी आपण खोदणार नाही, फक्त चालणार आहोत. सकाळी ऊन तिरपं असतं, तेव्हा नजर मातीवर ठेवा. काही दिसलं की हात मागे. आधी वहीत जागा लिहा: मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, कुठल्या धुऱ्यापासून किती पावलं, मातीचा रंग, थर. मग पट्टी ठेवून फोटो काढा, त्यानंतरच उचला. प्रत्येक तुकड्याला वेगळी पिशवी, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आणि वहीत तोच क्रमांक. शाई ओलीने पसरते. वखराच्या पासेला, म्हणजे पात्याला, काय लागतं, पावसानंतर कुठला कोपरा उघडा पडतो, हे शेतकऱ्यांना विचारा. त्यांच्या आणि संबंधित खात्याच्या परवानगीशिवाय एक खडाही उचलायचा नाही.

हातोडी मध्यम घ्या, सोबत छिन्नी, दाभण, दोन ब्रश आणि भिंग. तडकलेल्या हाडावर झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड नावाचं राळेसारखं द्रव्य वापरतात, ते नंतर काढता येतं. मोठं हाड असेल तर भोवतीची माती कोरून ते ओट्यासारखं मोकळं करतात. त्यावर ओला टिश्यू कागद, मग प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, मोडलेल्या हाताला बांधतात तशा. वाळलं की खालून सोडवून उलटं करतात. हे मी तिथे बटाट्यावर करून दाखवीन. प्रत्येकाने दोन लिटर पाणी आणि डोक्याला दुपट्टा आणायचा, पायात बूट. खड्डा केलाच तर बुजवून निघायचं, पुढच्या महिन्यात तिथे वखर फिरणार असतो.

बस पहाटे साडेपाचला याच फाटकापासून सुटेल. वह्या मी आणतो, पेन्सिली तुम्ही आणा, दोन-दोन.