तीन हजार जणांनी वाचलं की नुसतं नाव लिहिलं?

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. कोकणी माणसाचं एवढ्यात नुसतं गाव-घराणं सांगून होतं, तरी बघतो.

मघाशी सत्काराच्या वेळी जाहीर झालं, की आपल्या देवगडच्या मुलीच्या कण-भौतिकीतल्या शोधनिबंधांना तीन हजार सायटेशन्स आहेत, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचे तेवढे संदर्भ दिलेत. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोराने आईला विचारलं, "तीन हजार जणांनी वाचलं, की नुसतं नाव लिहिलं?" आईने त्याला गप्प केलं. माझं लिहून आणलेलं भाषण मात्र तिथेच खिशात गेलं.

हा आकडा तयार होतो कसा? सैद्धांतिक कण-भौतिकीतला निबंध नियतकालिकात येण्याआधी बहुधा आर्काइव्ह या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर चढतो. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला सुरू केलेली ही सोय. तिथून इन्स्पायर नावाचा डेटाबेस तो उचलतो, शेवटची संदर्भयादी तपासतो आणि यादीतल्या प्रत्येक निबंधाच्या खात्यात एक जमा करतो. संदर्भ कौतुकाने दिलाय, चूक दाखवायला दिलाय, की 'हेही पाहा' म्हणून चाळीस जणांच्या ओळीत कोंबलाय, हे त्या खात्यात दिसत नाही. लग्नात किती पानं उठली त्यावरून संसाराचा अंदाज बांधण्यापैकीच हे.

आपली आडनावंही घोळ घालतात. ए. जोशी, एस. पाटील असे किती असतील! एकाची सायटेशन्स दुसऱ्याच्या नावावर जातात. म्हणून तरुणांनो, पहिल्या निबंधाआधीच ऑर्किड, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक काढा, इन्स्पायरवरचे आपले निबंध स्वतः तपासून घ्या, आणि आकडा सांगताना स्वतःचेच दिलेले संदर्भ वगळून सांगा. ती सोय तिथेच आहे. आणखी एक. या विषयात लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावायची रीत आहे. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी मानुएल ड्रेस यांच्याबरोबर दाखवून दिलं, की उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात प्रकाशकणांच्या आपसातल्या टकरींतून हॅड्रॉनांचा, म्हणजे प्रोटॉनच्या जातीच्या कणांचा, नको तो पसारा तयार होऊ शकतो. असं यंत्र आखणाऱ्यांना तो हिशेबात धरावाच लागतो. निबंधावर ड्रेस आधी, गोडबोले नंतर; कारण एवढंच की इंग्रजीत डी आधी येतो. दुसऱ्या शाखेतले परीक्षक हे विसरतात आणि दुसऱ्या नावाला दुय्यम समजतात.

मग एच-निर्देशांक, संशोधकाचं सगळं काम एका आकड्यात मोजणारा. हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला: प्रत्येकी किमान वीस सायटेशन्स असलेले वीस निबंध, तर निर्देशांक वीस. स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९६७ चा लेप्टॉनांवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणांवरचा निबंध जेमतेम तीन पानांचा, आज त्याला दहा हजारांहून जास्त सायटेशन्स. पण निर्देशांकात त्याची भर एकाचीच. त्यातही पहिली चारेक वर्षं त्याच्याकडे जवळजवळ कुणी फिरकलं नव्हतं. १९७१ मध्ये जेरार्ड ट हूफ्ट यांनी अशा सिद्धांतांतले अनंत आकडे काबूत ठेवता येतात हे दाखवलं, तेव्हा रांग लागली. १९७९ मध्ये वाइनबर्ग यांना नोबेल.

याच्या उलट घडलं डिसेंबर २०१५ मध्ये. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांच्या आलेखांत ७५० जीईव्ही (ऊर्जेचं एकक) इतक्यापाशी, नव्या कणाची चाहूल वाटावी असा छोटासा उंचवटा दिसला. काही महिन्यांत त्यावर पाचशेच्या आसपास निबंध आले आणि ते एकमेकांचे संदर्भ देत राहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त माहिती हाती आली आणि उंचवटा सपाट झाला. सायटेशन्स मात्र खात्यात तशीच राहिली.

न वाचता पुढे ढकलण्यात आपणही कमी नाही, हं. दर १८ ऑगस्टला मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरतो, की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला. साहेब त्या ग्रहणाला इंग्लंडातच होते. सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाविना पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं होत आली होती. निरोप तरीही फिरणारच, कारण गाव आपलं! त्या पोराने ग्रुपवर विचारलं असतं, तर आपण त्यालाही गप्प केलं असतं.

मला घोर आहे तो पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन करणाऱ्या मुलांचा. नेमणूक दोन-तीन वर्षांची. पुढचे अर्ज त्याआधीच, शरद ऋतूत भरायचे. तोवर सगळ्यात ताज्या, बहुधा सगळ्यात चांगल्या कामाला सायटेशन्स जमायला वेळच मिळालेला नसतो. वाइनबर्ग पक्क्या नोकरीत होते, त्यांना थांबणं परवडलं. या मुलांनी चार वर्षं थांबायचं, की पुढच्या उंचवट्यामागे धावायचं? निवड समित्यांवर बसणारे दोघे-तिघे आज इथेच बसलेत. तीनशे अर्ज समोर असताना तुम्ही त्यातले किती निबंध उघडून वाचता, ते जेवताना मला जरा सांगाल का?