गोल्टी कांदा आणि सातबारा

नमस्कार मैत्रिणींनो, आणि दुकानात रेडिओ लावून बसलेल्या दादांनो, तुम्हीही ऐका बरं का. आज धंद्याच्या कर्जाबद्दल बोलायचंय, पण आधी निफाडकडच्या एका ताईंची गोष्ट सांगते.

ताई बचत गटातल्या. लासलगावला गोल्टी कांद्याला, म्हणजे अगदी बारीक कांद्याला, काय भाव मिळतो ते तुम्हाला माहितीये, कधी गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. तर ताईंनी द्राक्षाचे जुने क्रेट घेतले, जाळीचे असतात ना ते, त्यात कांद्याच्या चकत्या पसरल्या, क्रेटवर क्रेट रचले आणि बागेवरची जुनी नेट वरून गुंडाळली, म्हणजे वारा खेळतो पण माशी बसत नाही. मधून मधून खालचा क्रेट वर, वरचा खाली. वाळलेला कांदा हायवेवरचे हॉटेलवाले घ्यायला लागले! पण पावसाळ्यात सगळं बंद, म्हणून सोलर ड्रायर हवा होता. गेल्या बँकेत. साहेबांचा पहिला प्रश्न, सातबारा कोणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. मग मिस्टरांना घेऊन या म्हणे. अहो, कांदा चिरणार ही, विकणार ही, हिशोब लिहिणार ही, आणि विचारणार मिस्टरांना? मला ऐकूनच संताप आला. ताई मात्र गटाची वही, हॉटेलवाल्यांची बिलं आणि ड्रायरचं कोटेशन घेऊन दुसऱ्या शाखेत गेल्या. तिथल्या मॅडमनी वही पानन्‌ पान बघितली आणि मुद्रातून, म्हणजे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी कर्ज योजनेतून, कर्ज मंजूर केलं.

ही मुद्रा योजना 2015 पासून आहे. कर्जाचे गट असे, शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. या कर्जाला तारण लागत नाही. परत सांगते, तारण लागत नाही, सातबारा नाही म्हणून घरी परतायचं नाही.

आणि माझं एक ठाम मत आहे, हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटणं आता बंद करा, त्याऐवजी गटातल्या बाईच्या हातचा मसाला, पापड वाण म्हणून द्या, तिचा माल तरी दहा घरांत पोचेल.

दादांनो, तुमच्यासाठी. लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, स्वतःच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज करा, याच आठवड्यात करा.

आणि ताईंनो, बँकेत जाताना आधार, पॅन, उद्यम नोंदणी म्हणजे धंद्याची सरकारी नोंदणी, कोटेशन आणि हिशोबाची वही. वही विसरू नका हं, वही!