कांद्याच्या चाळीसाठी एक यंत्र

[पाबळ. सकाळ. आश्रमाचं आवार, वर्कशॉपमधल्या ठिणग्या.]

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. डॉ. श्रीनाथ कलबागांनी असंच गाव मुद्दाम निवडलं आणि १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं इथे वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, वायरिंग करतात आणि ते करता करता विज्ञान शिकतात.

२००२ मध्ये याच आवारात फॅब लॅब आली, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची छोटी प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाबाहेर अगदी सुरुवातीला उभ्या राहिलेल्या फॅब लॅबपैकी ही एक. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत अशा प्रयोगशाळा दिसू लागल्या, त्याच्या कितीतरी आधी.

[पडद्यावर चौकटीचौकटींत देशोदेशीचे चेहरे.]

जानेवारीतला बुधवार. इथे संध्याकाळ, बोस्टनमध्ये सकाळ. एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड शिकवतायत. हा फॅब अकॅडमीचा वर्ग: जगभरच्या फॅब लॅबमध्ये बसून एकत्र करायचा अभ्यासक्रम, २००९ मध्ये सुरू झालेला. जानेवारी ते जून, दर आठवड्याला एक नवं कौशल्य आणि त्यावरची असाइनमेंट.

यंत्राला हात लावण्याआधीच पहिल्या आठवड्याचं काम येतं: स्वतःची वेबसाइट उभी करा आणि शेवटी काय बनवणार, त्याचं चित्र काढा.

[वही. पेन्सिल. खाडाखोड.]

पाबळहून हा अभ्यासक्रम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची ही वही. तिच्या घरी कांद्याची चाळ आहे, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये काढायचा आणि भाव येईपर्यंत, कधी दिवाळीपर्यंत, सांभाळायचा. साठवणीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात हवा दमट झाली की चाळीच्या पोटात सड धरते, आणि ती वरून दिसत नाही. वास येईपर्यंत आजूबाजूचा कांदाही गेलेला असतो.

म्हणून तिचं चित्र असं: कांद्याच्या थरात खोचायची लांब नळी, नळीत सेन्सर, बाहेर एक डबी. आर्द्रता वाढली की पंखा सुरू आणि मोबाइलवर निरोप.

आता तिची वही नीट पाहा. नळीचं टोक थ्रीडी प्रिंटरवर होईल. त्याला हवा आत जाईल एवढ्या, पण माती शिरणार नाही इतक्या बारीक फटी. डबीच्या बाजू लेसरवर कापायच्या. पंख्याची चौकट प्लायवूडची, मोठ्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणाऱ्या यंत्रावर. सर्किट बोर्ड तिने स्वतः डिझाइन करून मिलिंग मशीनवर कोरायचा. प्रत्येक भागापुढे तिने लिहिलंय, तो कुठल्या आठवड्यात शिकायला मिळणार. सहा महिन्यांचं वेळापत्रक त्या एका पानावर आलंय.

[लेसर कटर. पुठ्ठा. धूर.]

पुढच्या आठवड्यांत तिला हे शिकायचंय. लेसरचा किरण जिथून जातो, तिथलं थोडं मटेरियल जळून जातं. या फटीला कर्फ म्हणतात. तो मोजून चित्रात धरला नाही, तर खाचेत बसवलेला तुकडा सैल पडतो. म्हणून आधी पुठ्ठ्यावर वेगवेगळ्या मापांच्या खाचांची फणी कापायची, हाताने दाबून बघायचं, कुठली घट्ट बसते ते टिपायचं. हे ज्ञान बोटांतच येतं. व्हिडिओ बघून येत नाही.

[तांब्याचा बोर्ड, फिरतं बारीक टूल.]

सर्किट बोर्ड कोरायच्या मिलिंग मशीनचं टूल ०.४ मिलिमीटरचं. जिथे वीज वाहायची नाही, तेवढंच तांबं ते खरवडून काढतं. मग सोल्डरिंग. भाग तांदळाच्या दाण्याहून लहान, चिमट्याने धरायचे.

आणि रोज रात्री डॉक्युमेंटेशन. काय केलं, काय बिघडलं, फाइल कुठली, सगळं वेबसाइटवर. दुसऱ्या देशातला विद्यार्थी तेच वाचून पुढे जातो. या अभ्यासक्रमाचा खरा कणा हा मोकळेपणा आहे.

मार्गदर्शक तिला सांगतायत: आधी एकच सेन्सर, एकच दिवा. तेवढं पूर्ण चालू दे. मग पंखा जोड, मोबाइल सगळ्यात शेवटी. फॅब अकॅडमीत याला स्पायरल डेव्हलपमेंट म्हणतात. जूनमध्ये वेळ कमी पडली तरी हातात चालणारी वस्तू असते.

हे यंत्र किती चाळींत पोहोचेल, शेतकऱ्याला परवडेल का, याचा हिशोब अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यांत येतो.

सध्या पान उलटून ती सामानाची यादी करते आहे. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी छोटी चिप), बारा व्होल्टचा पंखा, प्लायवूड. लॅबमध्ये जे आहे त्यापुढे खूण, उरलेलं पुण्याहून मागवायचं. पुढच्या बुधवारी कॉम्प्युटरवर डिझाइन करायला शिकायचंय. सुरुवात नळीपासून.